कावळा, फांदी आणि वॉशिंग्टन: 'रेडस्किन्स नियम' तपासतानाच्या नोंदी

3 नोव्हेंबर 2025

विषय पक्का केला. अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक दर चार वर्षांनी नोव्हेंबरमध्ये होते. तिच्याआधी वॉशिंग्टनच्या फुटबॉल संघाचा घरच्या मैदानावरचा जो शेवटचा सामना असेल, तो बघायचा. संघ जिंकला तर व्हाइट हाउसमधला पक्ष टिकतो, हरला तर जातो. या बादरायण संबंधाचं नाव 'रेडस्किन्स नियम'. फुटबॉल म्हणजे इथे अर्थातच अमेरिकन फुटबॉल: लांबट चेंडू, हेल्मेट, यार्डांचा हिशेब.

हा नियम सापडला 2000 साली. 30 ऑक्टोबरला, निवडणुकीच्या आठवडाभर आधी, सोमवार रात्रीचा दूरचित्रवाणीवरचा सामना वॉशिंग्टनमध्ये होता, समोर टेनेसी टायटन्स. प्रक्षेपणात सांगायला काहीतरी चटकदार हवं म्हणून एलायस स्पोर्ट्स ब्युरो या खेळांची आकडेवारी ठेवणाऱ्या संस्थेचे स्टीव्ह हर्ट यांनी जुने निकाल चाळले, आणि निवडणुकांशी मेळ बसत गेला. वॉशिंग्टन तो सामना 27-21 ने हरलं. अल गोर सत्ताधारी पक्षाचे उमेदवार होते, तेही हरले.

सापडल्याची तारीख सगळ्यात महत्त्वाची. या तारखेच्या आधीच्या ओळींवर नियम *बेतलेला* आहे आणि नंतरच्या ओळींवर तो *तपासता* येतो. तक्त्यात पहिल्याच दिवशी 'शोधाआधी / शोधानंतर' असा रकाना टाकला. तो शेवटी टाकायचा म्हटलं की राहून जातो, आणि तो नसला की पुढचा सगळा हिशेब बिघडतो.

4 नोव्हेंबर 2025

माहिती भरली. प्रत्येक ओळीत: निवडणुकीचं वर्ष, प्रतिस्पर्धी संघ, गुण (आधी जिंकणाऱ्याचे), वॉशिंग्टन जिंकलं की हरलं, सत्ताधारी पक्ष टिकला की गेला.

1936 – शिकागो कार्डिनल्स, 13-10, जिंकले, रूझवेल्ट टिकले
1940 – पिट्सबर्ग, 37-10, जिंकले, रूझवेल्ट टिकले
1944 – क्लीव्हलँड रॅम्स, 14-10, जिंकले, रूझवेल्ट टिकले
1948 – बॉस्टन यँक्स, 59-21, जिंकले, ट्रुमन टिकले
1952 – पिट्सबर्ग, 24-23, हरले, आयझेनहॉवर आले
1956 – क्लीव्हलँड ब्राउन्स, 20-9, जिंकले, आयझेनहॉवर टिकले
1960 – क्लीव्हलँड ब्राउन्स, 31-10, हरले, केनेडी आले
1964 – शिकागो बेअर्स, 27-20, जिंकले, जॉन्सन टिकले
1968 – न्यूयॉर्क जायंट्स, 13-10, हरले, निक्सन आले
1972 – डॅलस, 24-20, जिंकले, निक्सन टिकले
1976 – डॅलस, 20-7, हरले, कार्टर आले
1980 – मिनेसोटा, 39-14, हरले, रेगन आले
1984 – अटलांटा, 27-14, जिंकले, रेगन टिकले
1988 – न्यू ऑर्लिन्स, 27-24, जिंकले. रिपब्लिकन टिकले (थोरले बुश)
1992 – न्यूयॉर्क जायंट्स, 24-7, हरले, क्लिंटन आले
1996 – इंडियानापोलिस, 31-16, जिंकले, क्लिंटन टिकले
2000 – टेनेसी, 27-21, हरले. धाकटे बुश आले

इथे रेघ मारली. सतरापैकी सतरा. खालच्या सहा ओळी उद्या भरायच्या. आधी वरच्यांचं वजन काढून ठेवायचं.

1936 च्या ओळीला शेरा जोडला. त्या वर्षी संघ बॉस्टनचा होता, वॉशिंग्टनला तो 1937 मध्ये आला. कोणी मोजणी 1936 पासून करतो, कोणी 1940 पासून. पहिल्या हिशेबाने 17, दुसऱ्याने 16. सुरुवात कुठून करायची हे मोजणाऱ्याच्या हातात असणं, ही या प्रकारातली पहिली फट.

5 नोव्हेंबर 2025

दोन बिघाड सापडले, दोन्ही स्प्रेडशीटचे.

पहिला: गुणांच्या रकान्यात '13-10' लिहिलं की प्रोग्रॅम त्याची 13 ऑक्टोबर करून टाकतो. भारतीय मांडणीत दिवस आधी आणि महिना नंतर, त्यामुळे ज्या निकालात पहिला आकडा 31 पर्यंत आणि दुसरा 12 पर्यंत आहे तो प्रत्येक निकाल तारीख बनला: 13-10 दोन्ही वेळा, 14-10, 20-9, 31-10, 20-7, 24-7, आणि नंतर भरलेले 23-6 व 25-3. एकूण नऊ ओळी. 24-20, 27-14 सुटले, कारण विसावा किंवा चौदावा महिना नसतो. म्हणून चूक पटकन दिसत नाही: अर्धा रकाना ठीक असतो आणि अर्ध्यात डोळ्यांना गुणच दिसतात, आत मात्र पाच आकडी तारीख असते. उपाय सोपा. गुणांचे दोन वेगळे रकाने करायचे, वॉशिंग्टनचे आणि प्रतिस्पर्ध्याचे, आणि जय-पराजय वजाबाकीने काढायचा. भरून झाल्यावर रकान्याचा साचा बदलून उपयोग नाही, तोवर मूळ आकडा गेलेला असतो. साचा आधी ठरवायचा, मग भरायचं.

दुसरा बिघाड जास्त खोल आहे. निवडणूक मंगळवारी असते. नियम 'मंगळवारच्या आधीचा शेवटचा सामना' असा लावला होता आणि सामन्यांच्या वेळा भारतीय वेळेत बदलून घेतल्या होत्या. सोमवार रात्रीचा सामना अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर साडेआठ-नऊला सुरू होतो. आपल्याकडे तेव्हा मंगळवार उजाडलेला असतो. 2008 चा पिट्सबर्गविरुद्धचा सामना 3 नोव्हेंबरला रात्री झाला, भारतीय वेळेत 4 नोव्हेंबर सकाळी सात, म्हणजे मतदानाचाच दिवस. गाळणीने तो सामना फेकला आणि त्याआधीचा घरचा सामना उचलला, क्लीव्हलँडविरुद्ध 14-11 चा विजय. खरा निकाल 23-6 ने हार. एका वेळेच्या पट्ट्याने नियमाची एकमेव नंतरची बरोबर ओळ चुकीची झाली असती.

1984 मध्येही हेच झालं होतं (5 नोव्हेंबर, सोमवार रात्र), पण तिथे आधीचा घरचा सामनाही वॉशिंग्टननेच जिंकलेला, त्यामुळे उत्तर बदललं नाही आणि चूक लपून राहिली. जागतिक प्रमाणवेळ वापरली तरी हाच घोळ होतो. तारीख सामना जिथे झाला तिथल्या घड्याळाने धरायची, एवढंच.

तिसरी गोष्ट बिघाड म्हणण्याइतकी मोठी नाही: संघाच्या नावावरून शोधलं तर 2020 आणि 2024 गळतात. जुलै 2020 मध्ये 'रेडस्किन्स' हे नाव सोडलं, दोन मोसम नुसतं 'वॉशिंग्टन फुटबॉल टीम' होतं, 2022 पासून 'कमांडर्स'. शोध नावाने न करता संघाच्या संकेतांकाने केला.

6 नोव्हेंबर 2025

रेघेखालच्या सहा ओळी.

2004 – ग्रीन बे, 28-14, हरले. नियमाने केरी यायला हवे होते, बुश टिकले. चूक.
2008 – पिट्सबर्ग, 23-6, हरले. ओबामा आले. बरोबर.
2012 – कॅरोलायना, 21-13, हरले. रॉम्नी यायला हवे होते, ओबामा टिकले. चूक.
2016 – फिलाडेल्फिया, 27-20, जिंकले. डेमोक्रॅट टिकायला हवे होते; ट्रम्प आले. चूक.
2020 – डॅलस, 25-3, जिंकले. ट्रम्प टिकायला हवे होते, बायडन आले. चूक.
2024 – शिकागो बेअर्स, 18-15, जिंकले. हॅरिस यायला हव्या होत्या, ट्रम्प आले. चूक.

शोधाआधी 17 पैकी 17. शोधानंतर 6 पैकी 1.

8 नोव्हेंबर 2025

वरच्या सतरा ओळींचं वजन. तीन रीतींनी काढलं, कारण तिन्ही वापरात दिसतात आणि तिन्हींचं उत्तर वेगळं येतं.

नाणेफेकीचा हिशेब: प्रत्येक वेळी मेळ बसण्याची शक्यता निम्मी धरली तर सलग सतरा वेळा बसण्याची शक्यता 2 च्या सतराव्या घातात एक, म्हणजे 1,31,072 त एक.

थोडा खरा हिशेब: सतरापैकी दहा सामने जिंकले, सात हरले. सत्ताधारीही दहा वेळा टिकले, सात वेळा गेले. म्हणजे मेळ बसण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त: दहा सतरांशाचा वर्ग अधिक सात सतरांशाचा वर्ग, 289 पैकी 149, सुमारे 51.6 टक्के. त्याचा सतरावा घात घेतला की सुमारे 78 हजारांत एक.

तिसरी रीत: दहा विजय आणि सात पराभव हे ठरलेलेच आहेत असं धरायचं आणि ते सतरा निवडणुकांवर कसेही वाटायचे. सतरातून सात निवडण्याच्या रीती 19,448. त्यातली एकच पूर्ण जुळते.

एकाच गोष्टीचं वजन 19 हजारांत एक ते 1 लाख 31 हजारांत एक असं हलतं. आणि यातला कुठलाच आकडा 'हा योगायोग असण्याची शक्यता' नाही. तो 'हाच नियम आधी लिहून ठेवला असता, तर तो नुसत्या योगायोगाने इतका जुळण्याची शक्यता' आहे. नियम आधी लिहिलेला नव्हता.

9 नोव्हेंबर 2025

मग असे किती नियम शोधता आले असते? अंदाजे मोजले, गृहीतकं उघड ठेवतो म्हणजे कोणालाही बदलता येतील.

1936 पासून अखंड चालत आलेले व्यावसायिक फुटबॉल संघ 8 (कार्डिनल्स, बेअर्स, पॅकर्स, जायंट्स, लायन्स, ईगल्स, पिट्सबर्ग, वॉशिंग्टन). बेसबॉलचे जुने 16. विद्यापीठांचे संघ 100 धरले. एकूण 124. प्रत्येकासाठी 20 निकष: शेवटचा घरचा सामना, शेवटचा बाहेरचा, शेवटचा कुठलाही, मोसमातला पहिला, गुणांची बेरीज सम की विषम, अमुक प्रतिस्पर्ध्याविरुद्धचा, वगैरे. निवडणुकीचा निकाल 3 प्रकारे वाचता येतो: सत्ताधारी पक्ष टिकला का, रिपब्लिकन जिंकले का, गेल्या वेळचाच उमेदवार पुन्हा निवडून आला का. गुणाकार 7,440.

7,440 नियमांपैकी निदान एक सतरापैकी सतरा जुळण्याची शक्यता नाणेफेकीच्या हिशेबाने 5.5 टक्के, 51.6 टक्क्यांच्या हिशेबाने 9 टक्क्यांच्या आसपास. (निकष एकमेकांत गुंतलेले असतात, शेवटचा सामना आणि शेवटचा घरचा सामना बऱ्याचदा एकच असतो, त्यामुळे खरी संख्या याहून कमी.)

'शोधलं की सापडतंच' असं बेफिकीरपणे म्हणतात, तेवढं हे सोपं नाही, हे कबूल करायला हवं. सतरापैकी सतरा ही दुर्मिळच गोष्ट आहे. पण सलग बारा जुळले असते तरी बातमी झालीच असती, '1956 पासून कधीच चुकला नाही' अशी. 2 चा बारावा घात 4,096. तेवढ्याच नियमांतून बारा जुळणारे सरासरी 1.8 निघतात. म्हणजे दुर्मिळ आहे तो 'सतरा' हा आकडा. 'असा काहीतरी नियम असणं' हे नव्हे. आणि आपल्यापर्यंत पोचतो तो जुळलेला. उरलेल्या हजारो न जुळलेल्यांची नोंद कोणी ठेवत नाही. कावळा किती फांद्यांवर बसून उडून गेला, हे तुटलेल्या फांदीला विचारून कळत नाही.

12 नोव्हेंबर 2025

नियमाचे शब्द एकेक करून हलवून पाहिले. कुठला शब्द काम करतोय आणि कुठला नुसता शोभेला आहे ते यातून कळतं.

'घरचा' हा शब्द काढला. 1996 मध्ये घरचा शेवटचा सामना 27 ऑक्टोबरला इंडियानापोलिसविरुद्ध, जिंकले. पण निवडणुकीच्या दोन दिवस आधी, 3 नोव्हेंबरला, ते बफेलोला जाऊन 38-13 ने हरले. 'शेवटचा सामना' असा नियम असता तर क्लिंटन जायला हवे होते. 'घरचा' हा शब्द नसता तर 2000 साली सलग सतराची गोष्ट सांगताच आली नसती. हा शब्द ठेवण्यामागे कारण काय? जुळतो, एवढंच.

'घरचा' शब्दाची दुसरी परीक्षा 2016 मध्ये झाली. 30 ऑक्टोबरला वॉशिंग्टन लंडनच्या वेम्बली मैदानावर सिनसिनाटीशी खेळलं, 27-27 बरोबरी. कागदोपत्री यजमान सिनसिनाटी होतं म्हणून सामना मोजला नाही आणि 16 ऑक्टोबरचा फिलाडेल्फियाविरुद्धचा सामना धरला, मतदानाच्या 23 दिवस आधीचा. कागदावर यजमान वॉशिंग्टन असतं तर? बरोबरीचं काय करायचं हे नियमात लिहिलेलंच नाही.

'वॉशिंग्टन' हा शब्दही सरळ नाही. 1937 ते 1960 ग्रिफिथ स्टेडियम आणि 1961 ते 1996 आरएफके, ही दोन्ही शहरातली. 1997 पासून घरचं मैदान शेजारच्या मेरीलँड राज्यातल्या लँडोव्हरला. म्हणजे राजधानीतला सामना राजधानीच्या सत्तेचं भाकीत करतो ही गोड कल्पना 1996 लाच संपली.

त्याहून गमतीची गोष्ट: 1961 च्या तेविसाव्या घटनादुरुस्तीपर्यंत वॉशिंग्टन डीसीच्या रहिवाशांना अध्यक्षासाठी मतदानच करता येत नव्हतं. त्यांनी पहिल्यांदा मत दिलं ते 1964 मध्ये. तक्त्यातल्या पहिल्या सात ओळींत ग्रिफिथ स्टेडियमच्या (आणि 1936 ला बॉस्टनच्या) बाकांवर जे बसले होते, त्यांच्यातल्या डीसीकरांचा निवडणुकीशी मतदार म्हणून काही संबंधच नव्हता. पुढेही डीसीची इलेक्टोरल मतं (राज्यवार ठरलेली, अध्यक्ष प्रत्यक्ष निवडणारी मतं) तीनच, आणि तिथे दर वेळी डेमोक्रॅटिक उमेदवारच जिंकला. संघाच्या जिंकण्या-हरण्याने मतदारांचा मूड बदलतो आणि त्यातून निकाल, असा दुवा जोडायचा म्हटलं तरी तो कुठल्या मतदारामार्फत जोडणार?

13 नोव्हेंबर 2025

मूडचा मुद्दा तसा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. त्यावर गंभीर वादही झाला आहे. 2010 मध्ये अँड्र्यू हिली, नील मल्होत्रा आणि सेसिलिया मो यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात दाखवलं की निवडणुकीआधीच्या दहा दिवसांत स्थानिक विद्यापीठाचा संघ जिंकला तर त्या काउंटीत (आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात) सत्ताधारी उमेदवाराच्या मतांचा वाटा सुमारे 1.6 टक्के-अंकांनी वाढतो. 2015 मध्ये अँथनी फाउलर आणि पाब्लो मोंटान्येस यांनी त्याच नियतकालिकात ते उलटतपासलं. परिणाम खरा असेल तर जिथे फुटबॉलचं वेड जास्त तिथे तो मोठा दिसायला हवा. तसा तो दिसला नाही. व्यावसायिक लीग जास्त लोकप्रिय. तिथेही परिणाम सापडला नाही. त्यांचा निष्कर्ष: आधीचा निकाल बहुधा योगायोगाचा.

ही तपासणीची रीत उचलण्यासारखी आहे. नुसतं 'जुळतं का' विचारायचं नाही; 'खरं असेल तर आणखी कुठे दिसायला हवं' हे विचारायचं. आपल्या नियमाला हा प्रश्न विचारला तर पहिल्या पायरीवरच उत्तर संपतं.

16 नोव्हेंबर 2025

निसटत्या ओळींची यादी. नियमाची एकेक खूण किती बारीक धाग्यावर लटकलेली होती ते बघण्यासाठी.

1952: 24-23. एका गुणाने हार.

2000: फ्लोरिडाचा फरक 537 मतं. देशभरातल्या एकूण मतांत गोर पाच लाखांहून अधिक मतांनी पुढे होते. सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय 12 डिसेंबरला आला. सामन्यानंतर 43 दिवसांनी सतरावी खूण पक्की झाली. फ्लोरिडा उलट्या बाजूला पडली असती तर नियम जन्मला त्याच मोसमात मेला असता.

2004: ग्रीन बे 20-14 ने पुढे, अडीच-पावणेतीन मिनिटं उरलेली. वॉशिंग्टनच्या क्लिंटन पोर्टिसने 43 यार्डांचं टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं, सहा गुण) केलं, वर एक गुण मिळाला असता तर वॉशिंग्टन 21-20 ने पुढे. पण पास सुटण्याआधी एक खेळाडू नियमाबाहेर हलला होता; पंचांनी इलिगल मोशन दिला, टचडाउन रद्द. पाठोपाठ चेंडू ग्रीन बेने हिसकावला आणि 28-14 झालं. ती हालचाल झाली नसती तर वॉशिंग्टन बहुधा जिंकलं असतं, बुश टिकलेच होते, आणि नियम अठराव्यांदा बरोबर ठरला असता.

2024: 27 ऑक्टोबर. 25 सेकंद शिल्लक असताना शिकागोने टचडाउन आणि दोन गुण मिळवून 15-12 अशी आघाडी घेतली. शेवटचा डाव वॉशिंग्टनच्या स्वतःच्या 48 यार्डांच्या रेषेवरून. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा मुख्य खेळाडू) जेडन डॅनियल्स मागे सरकला, एका बाजूला पळाला, परत दुसऱ्या बाजूला आला. बारा सेकंदांच्या वर चेंडू हातातच. घड्याळ कधीच शून्यावर गेलेलं. मग त्याने तो वर फेकला, हेल्मेटांच्या गर्दीत. शिकागोच्या बचावपटूचा हात लागून चेंडू मागे उडाला आणि मागे एकट्या उभ्या असलेल्या नोआ ब्राउनच्या हातात पडला. 52 यार्ड, 18-15. तो चेंडू गवतावर पडला असता तर वॉशिंग्टन हरलं असतं आणि नियम बरोबर ठरला असता.

2004 ला पंचाच्या (चूक दाखवायला टाकतात त्या) रुमालाने नियम मोडला, 2024 ला बचावपटूच्या बोटांनी. ज्या नियमाचं बरोबर-चूक होणं हे इतक्या बारीक, निवडणुकीशी काडीचा संबंध नसलेल्या गोष्टींवर ठरतं, त्याला भाकीत म्हणणं जड जातं.

19 नोव्हेंबर 2025

सुधारित नियमाची तपासणी. 2004 ला चूक झाल्यावर हर्ट यांनी एक कलम जोडलं: देशभरातली एकूण मतं ज्याला जास्त तो अध्यक्ष झाला नाही, तर *पुढच्या* निवडणुकीत नियम उलटा लावायचा. 2000 मध्ये गोर यांना मतं जास्त पण अध्यक्ष बुश, म्हणून 2004 उलटं: वॉशिंग्टन हरलं, म्हणून सत्ताधारी टिकले. बसलं.

वराती मागून घोडं कसं आणतात याचा हा नमुना. 1936 ते 1996 या काळात, सर्वमान्य मोजणीने, एकूण मतांचा विजेता हरल्याचं उदाहरणच नाही. (1960 मध्ये अलाबामाची मतं कशी मोजायची यावर वाद आहे, पण तो धरला तर 1964 ची बरोबर ओळ उलटून चुकते.) म्हणजे कलमाने जुन्या सतरा ओळींना हातही लावला नाही, फक्त चुकलेली 2004 दुरुस्त केली. एका उदाहरणासाठी एक कलम, आणि त्याच उदाहरणाने त्याचा पुरावा.

पुढे काय झालं? 2008 बरोबर. 2012 चूक. 2016 चूक. 2016 मध्ये एकूण मतं हिलरी क्लिंटन यांना जास्त, म्हणून 2020 उलटं: डॅलसला हरवलं, म्हणून सत्ताधारी जायला हवे, गेले. बरोबर. 2020 मध्ये मतं आणि निकाल एकाच बाजूला, म्हणून 2024 सरळ: चूक. कलम लिहिल्यानंतरच्या पाच ओळींत दोन बरोबर.

इथे एक सापळा आहे, त्याची ठळक नोंद. सगळं एकत्र मोजलं तर मूळ नियम 23 पैकी 18, सुधारित नियम 23 पैकी 20. सुधारित जास्त चांगला दिसतो. 23 पैकी 18 किंवा त्याहून जास्त नाणेफेकीने येण्याची शक्यता अवघी 0.53 टक्के, कुठल्याही विद्यार्थ्याच्या अहवालात हे 'सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय' म्हणून खपून जाईल. आकडेमोडीत चूक नाही. चूक आहे ती बेतलेल्या सतरा ओळी आणि तपासलेल्या सहा ओळी एकाच पातेल्यात ढवळण्यात. पहिल्या दिवशी टाकलेला रकाना यासाठीच.

20 नोव्हेंबर 2025

उलटा मोह. सहापैकी पाच चुकले म्हणजे नियम आता उलटा चालतो, असं म्हणावंसं वाटतं. हिशेब: सहा नाणेफेकींत पाच किंवा सहा वेळा एकच ठरलेली बाजू येण्याची शक्यता 64 पैकी 7, सुमारे 11 टक्के. त्यात काही विशेष नाही. उलट्या नियमावर पैज लावणारा सरळ नियमावर लावणाऱ्यापेक्षा शहाणा नाही.

24 नोव्हेंबर 2025

तपासणी पुन्हा कोणाला करायची असेल तर क्रम असा ठेवा. आधी नियम एका वाक्यात लिहायचा आणि प्रत्येक शब्दाखाली रेघ मारायची: 'घरचा', 'शेवटचा', 'पक्ष', 'टिकणं'. प्रत्येक शब्दाला पर्याय लिहायचे. मग शोधाची तारीख ठरवायची. त्यानंतरच माहिती भरायची, कारण आधी माहिती पाहिली की शब्द आपोआप तिच्याकडे झुकतात. 'पक्ष' आणि 'व्यक्ती' यांतली गल्लत विशेष होते. 1952, 1960, 1968, 1988, 2000, 2008, 2016 आणि 2024 या वर्षी पदावरचा अध्यक्ष मैदानातच नव्हता, आणि 'अध्यक्ष पुन्हा निवडून आला का' असा रकाना केला की या आठ ओळी रिकाम्या पडतात. रिकाम्या जागी स्प्रेडशीट शून्य धरते, शून्य म्हणजे 'हरला', आणि 1988 नाहक चूक दिसते. रिकाम्या रकान्यात 'लागू नाही' असं अक्षरांत लिहायचं.

आणि प्रत्येक ओळ दोघांनी स्वतंत्रपणे भरायची. वरचा 2008 चा घोळ तसाच सापडला. एकाच्या तक्त्यात 23-6 होतं, दुसऱ्याच्यात 14-11.

27 नोव्हेंबर 2025

2028 साठी नियम गोठवला. मतदान 7 नोव्हेंबर 2028, मंगळवार. सत्ताधारी पक्ष रिपब्लिकन. उमेदवार कोण याचा संबंध नाही. ग्राह्य सामना: लीगच्या वेळापत्रकात वॉशिंग्टन यजमान म्हणून नोंदलेला, साखळीतला, स्थानिक तारखेने 6 नोव्हेंबर 2028 पर्यंत सुरू झालेला शेवटचा सामना. परदेशात झाला तरी वेळापत्रकात यजमान असतील तर ग्राह्य. बरोबरी झाली तर ओळ 'लागू नाही', आधीच्या सामन्याकडे जायचं नाही. सामना मध्येच थांबवून रद्द झाला तर त्याआधीचा घ्यायचा. निवडणुकीचा निकाल म्हणजे इलेक्टोरल मतांचा, जानेवारी 2029 मध्ये काँग्रेसने मोजल्यावरचा. उलटं लावण्याचं कलम नाही. सुधारित नियम वेगळ्या रकान्यात, पण 2024 मध्ये एकूण मतं आणि निकाल दोन्ही ट्रम्प यांच्याच बाजूने असल्यामुळे या खेपेला दोन्ही नियमांचं भाकीत एकच येणार.

संघाचं नवं स्टेडियम जुन्या आरएफकेच्या जागेवर, डीसीत, 2030 साठी ठरलंय. 2028 चा सामना त्यामुळे लँडोव्हरचाच धरला आहे. 2032 ला 'घरचा' शब्दाची व्याख्या पुन्हा बघावी लागेल.

फाइल कुलूपबंद केली. पुढची नोंद लीगचं 2028 चं वेळापत्रक जाहीर झाल्यावर.